मधली पानं

संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा प्रोफेसर कंपनीच्या चाचणीच्या खोलीत उभा होता आणि त्याच्यासमोर कपडे धुण्याचं एक यंत्र रिकामंच गरगरत होतं. प्रोफेसर हा काही प्राध्यापक नव्हता. लहानपणी घरी आलेल्या पाहुण्यांचं बोलणं त्याने चारचौघांत सुधारलं होतं. त्याबद्दल वडिलांकडून एक थप्पड आणि थोरल्या भावाकडून हे नाव मिळालं. थप्पड विरून गेली, नाव टिकलं. आता पन्नाशीला टेकलेला हा माणूस मिक्सर, इस्त्र्या आणि धुलाईयंत्रांच्या खोक्यात येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहायचा. म्हणजे त्याचं लेखन घरोघरी पोचलेलं होतं आणि ते कोणीही वाचलेलं नव्हतं.

"कादंबरी काढू आपण," बाई म्हणाल्या. "म्हणजे काढण्यासारखी झाली तर काढू. थोरला भाऊ फार छान उतरलाय हो. तो बोलायला लागला की पानं पळतात. तो खोलीबाहेर गेला की मात्र..."

"मात्र?"

"मात्र तुम्ही सुरू होता. सगळं कसं 'काळजी घ्यावी', 'हे टाळावे' अशा सुरात. करता काय तुम्ही?"

"लिहितो," प्रोफेसर म्हणाला. यंत्राने नेमकं तेव्हाच पिळायला घेतलं, त्यामुळे पुढचं ऐकू गेलं नाही ते बरंच झालं.

बाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की थोरला वाढवा आणि नायक कमी करा. "आणि ते आईच्या आंघोळीचं प्रकरण आहे ना, त्यातला एक शब्दही हलवू नका. मी रडले तिथे. मी सहसा रडत नाही, या धंद्यात परवडत नाही."

प्रोफेसरला आनंद झाला. मग जिना उतरताना तो आनंद कुठेतरी अडकला.

कादंबरी दोन भावांची होती. धाकटा हळवा, समंजस, पुस्तकं वाचणारा. थोरला पडद्यांचा दुकानदार, बडबड्या आणि जरा हिशेबी. त्या प्रकरणात आई अंथरुणाला खिळलेली असते. धाकटा तिला रोज आंघोळ घालतो, तिचे केस विंचरतो, वेणी घालतो. थोरला दुकानातून येतो, दारात उभा राहतो आणि विचारतो, "घराच्या कागदांवर सही झाली का आईची?"

खऱ्या आयुष्यात आई दोन वर्षं अंथरुणावर होती. तिला आंघोळ घालायचा तो दादा. पडद्यांचं दुकान होतं तेही दादाचंच. प्रोफेसर त्या काळात दुसऱ्या गावी नोकरीला होता आणि सुट्टीत फळं घेऊन यायचा. कागदांचं कोणी कोणाला कधी विचारलंच नव्हतं. लिहिताना जरा अदलाबदल करावीच लागते, असं त्याने त्या वेळी स्वतःला सांगितलं होतं. स्वतःला एखादी गोष्ट सांगायची आणि स्वतःच मान डोलवायची, यात त्याचा हातखंडा होता.

आता थोरला वाढवायचा तर माल हवा. दादाचं बोलणं प्रोफेसरच्या डोक्यात होतं तेवढं वापरून संपलं होतं. मनाने रचून पाहिलं तर थोरलाही 'काळजी घ्यावी' म्हणायला लागला. तेव्हा एका रविवारी प्रोफेसर सहज म्हणून दादाकडे गेला.

"अगं, बघ कोण आलंय!" दादाने आत हाक मारली. "आज काय विशेष? कोणी गेलं का?"

"काही नाही रे. सहज."

'सहज' हा शब्द त्या घरात प्रोफेसरच्या तोंडून प्रथमच ऐकला गेला असावा. वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि दोघं त्याच्याकडे असं पाहत राहिले, की त्याला पुन्हा चपला घालून निघून जावंसं वाटलं. पण दादा बोलायला लागला आणि प्रोफेसर बसला. समोरच्या घरातल्या बाईबद्दल दादा म्हणाला, "पडदे धुते की त्यांना शिक्षा करते तेच कळत नाही." जुन्या गिऱ्हाइकाबद्दल म्हणाला, "अस्तर न लावणाऱ्या माणसाला जामीन राहू नये." प्रोफेसरने ते तोंडातल्या तोंडात घोकलं, "आलोच" म्हणाला, मोबाईल घेऊन संडासात गेला आणि टिपून आला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. मग दर रविवारी. दादाला चावी कशी द्यायची ते त्याला चांगलं ठाऊक होतं. नव्या फ्लॅटमधल्या काचेच्या भिंती, रेडिमेड पडदे, नाहीतर मोठ्या आत्याचा जावई, यांतलं एक काहीही काढायचं आणि मागे टेकून बसायचं. तासाभरात चारदा तरी उठावं लागे. दादा रंगात आला की पाचदा. थोरला फुगत चालला, पानं पळायला लागली.

पण तिकडे दादाने रविवारची दुपार दुकान बंद ठेवायला सुरुवात केली होती. वहिनींनी प्रोफेसरसाठी खिडकीजवळची खुर्ची ठरवून टाकली होती. "तुम्ही येता ना भाऊजी, तर यांचं सगळं अंगच हलकं झालंय," त्या एकदा दारापर्यंत पोचवायला आल्यावर हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं म्हणायचे, माझं बोलणं त्याला अडाणी वाटतं. आता म्हणतात, बघ, कसा कान देऊन ऐकतो."

प्रोफेसर जिन्यात थोडा वेळ उभा राहिला. मग घरी जाऊन त्याने 'अंगच हलकं झालंय' हे टिपून घेतलं.

बायकोला सगळं माहीत होतं. तिने पहिला खर्डा वाचला होता आणि वाचून झाल्यावर एवढंच म्हणाली होती, "बारीक टाइपात डोळे दुखतात."

"दादांना सांगितलंस का?" ती आता दर रविवारी विचारायची.

"सांगणार आहे. आधी पुनर्लेखन होऊ दे."

"तू त्यांच्या घरी जाऊन चोरी करतोयस, आणि तीसुद्धा संडासात बसून."

"चोरी काय त्यात? बोलणं हवेत जातं, मी ते धरून ठेवतो."

"हे वाक्य कादंबरीत नको घालूस," बायको म्हणाली.

एका बुधवारी दादाचा ऑफिसात फोन आला. आवाज एवढा खाली, की प्रोफेसरला वाटलं दुकानात कोणी झोपलंय. "उद्या सकाळी सुट्टी काढ. काही खाऊ नकोस. मी येतो घ्यायला."

"कशाला?"

"उद्या बोलू. वहिनीने पाहिलंय सगळं. मीही पाहिलंय. आम्ही काही बोललो नाही, पण डोळे आहेत रे आम्हाला."

दुसऱ्या दिवशी दादाने त्याला मूत्रविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात आणून बसवलं तेव्हा कुठे प्रोफेसरच्या डोक्यात प्रकाश पडला. तासाला चारदा, पाचदा. आणि इतक्या वर्षांनी अचानक सुरू झालेल्या रविवारच्या भेटी. दादा-वहिनींनी दोन्हींची सांगड घातली होती. धाकट्याला काहीतरी मोठं झालंय, तो लपवतोय आणि जाण्याआधी माणसांत येऊन बसतोय.

"दादा, मला काही झालेलं नाही."

"तसंच म्हणतात सगळे," दादा म्हणाला. "बाबाही तसंच म्हणायचे. पाणी पी."

सोनोग्राफीसाठी पोट भरून पाणी प्यायचं होतं. दादा ग्लासमागून ग्लास आणून देत होता आणि प्रत्येक ग्लास संपेपर्यंत समोर उभा राहत होता. मधल्या वेळात बाकावर शेजारी बसून तो त्याला धीर देत होता, म्हणजे एकटाच बोलत होता. "या डॉक्टरचं मला काही खरं दिसत नाही. बाहेर मखमल टांगलीय आणि आतल्या खोलीत बघ, साधं सुती. पण मशीन चांगलं आहे म्हणतात. तू घाबरू नकोस. घाबरायचं काम माझ्याकडे, तू फक्त पाणी पी."

'घाबरायचं काम माझ्याकडे.' प्रोफेसरचा हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दादासमोर खरोखरची जोराची लागली होती आणि नेमकं आज उठायला बंदी होती. दादाने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. दादाचा हात गार पडला होता. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. प्रोफेसरने तोंड उघडलंही. पण दादा तेवढ्यात बाबांच्या आजारपणाबद्दल काहीतरी सांगायला लागला, ते फारच चांगलं होतं, आणि प्रोफेसरने तोंड मिटून कान उघडे ठेवले.

डॉक्टरांनी पडद्यावर बघून, पोट दाबून आणि दादाच्या प्रश्नांना उत्तरं देऊन झाल्यावर सांगितलं, की या गृहस्थांचं मूत्राशय विशीतल्या पोरासारखं आहे.

दादा बाहेर आला आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसला. रुमाल काढून आधी चष्मा पुसला, मग डोळे, मग पुन्हा चष्मा. ये-जा करणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती.

"मग जातोस कशाला रे सारखा?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

आता वाट उरली नव्हती. "लिहायला," प्रोफेसर म्हणाला. "तू बोलतोस ते आत जाऊन टिपून घेतो. मी एक कादंबरी लिहिलीय. त्यात तुझ्यासारखा एक माणूस आहे."

"माझ्यासारखा?"

"तूच."

"माझं बोलणं? तू? आत बसून?" दादाने एकेक शब्द कापड मापावं तसा सावकाश मोजला. प्रोफेसरने मान खाली घालून शिव्यांची वाट पाहिली. पण दादा हसायला लागला. आधी खांदे, मग पोट, मग सगळा दादा. दवाखान्याचा रखवालदार येऊन बघून गेला. "मला वाटलं मरतोयस! आणि हा आत बसून माझं... अरे, बाहेर बसून लिहायचंस की! मी हळू बोललो असतो!"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळलं होतं, की मालक एका कादंबरीत आहेत. शिवी मिळाली असती तर प्रोफेसर ती घेऊन घरी गेला असता आणि कुठेतरी ठेवून दिली असती. या आनंदाचं काय करायचं ते त्याला कळेना.

"वाचायला दे," दादा म्हणाला. "छापायच्या आधी दे. कापडाच्या जाती तरी चुकल्या नाहीत ना बघतो."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. प्रोफेसरने ऑफिसच्या मशीनवर सगळा गठ्ठा छापला, घरी आणला आणि बायको भाजी आणायला गेल्याचं पाहून त्यातलं आईच्या आंघोळीचं प्रकरण हळूच काढून कपाटात ठेवलं. उरलेल्या गठ्ठ्याला दोरी बांधून तो दादाला नेऊन दिला. दादा काही समीक्षक नाही, त्याला काय कळणार, असा त्याचा कयास होता.

दादाचा फोन दोनच दिवसांत आला. "प्रोफेसर, लई झकास! ते शिक्षेचं घातलंयस, वहिनी हसून हसून बेजार झालीय. पण अरे, मधली पानं राहिली वाटतं तुझ्याकडे. आई आजारी पडते, धाकटा गाडीतून उतरतो, आणि पुढच्या पानावर एकदम सगळे आई नसल्यासारखे बोलतायत. आई गेली कधी?"

प्रोफेसरने कपाटाकडे पाहिलं.

"गेलीच कशी मध्येच? पाठवून दे ती पानं. आईचं आहे म्हणजे तेच आधी वाचायला हवं."

पानं जाड पाकिटात घालून प्रोफेसरने दुपारी, दादा दुकानात असण्याच्या वेळेला, घरी वहिनींच्या हातात दिली. बसा म्हणाल्या तर ऑफिसचं काम सांगून पळाला. मग त्याने दादाच्या फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. शनिवारी त्याला राहवेना, तेव्हा तो स्वतःच दुकानात गेला.

दादा कापडाचे तागे मागे टाकून बसला होता. समोर पानं होती, त्यांवर मोजायची पट्टी ठेवलेली. "ये," तो म्हणाला. "बस."

प्रोफेसर स्टुलावर बसला. पंख्याने पानांचे कोपरे उचलले जात होते.

"छान लिहिलंयस," दादा म्हणाला. "वेणीचं तर फारच. मला तेवढी छान नाही जमायची. वहिनी म्हणायची, दोरखंड वळलाय." त्याने एक पान सरळ केलं. "तू असतास तर असंच केलं असतंस. माहितेय मला."

त्याच्या आवाजात टोमणा शोधायचा प्रोफेसरने फार प्रयत्न केला. असता तर तो त्यावर चिडला असता, भांडला असता, निदान उठून गेला असता. पण टोमणा नव्हताच. दादा खरोखरच तसं समजत होता.

"ते कागदांचं मात्र..." दादाने पट्टी उचलली, पुन्हा ठेवली. "मी कधी विचारलं रे?"

प्रोफेसर स्टुलावर पुढे सरकला. पण दादाच पुढे बोलला, "आठवत नाही मला. पण विचारलंही असेल. त्या दिवसांत झोप नसायची, काय बोलायचो भान नसायचं. तुझं डोकं पहिल्यापासून साफ. तू लिहिलंयस म्हणजे विचारलं असेल."

एवढ्यात गिऱ्हाईक आलं. एक बाई दिवाणखान्यासाठी निळं काहीतरी मागत होत्या. दादा उठला आणि प्रोफेसरने ती संधी साधून "येतो मग" म्हटलं. रस्त्यावर आल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं. कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि त्याला मात्र सगळ्या रस्त्याने आपल्याला ओळखलंय असं वाटत होतं.

घरी येऊन तो टेबलाशी बसला. सगळं उलटं करायचं त्याने ठरवलं. आंघोळ थोरल्याने घालायची, धाकट्याने फळं घेऊन यायचं. थोरल्याच्या हातात तांब्या दिला आणि प्रोफेसर अडला. पाणी किती गरम लागायचं आईला? तिला उठवून बसवायचे की झोपवूनच? ती रडायची का? चिडायची? त्याने जे लिहिलं होतं त्यात आई अखंड मंद हसत होती, कारण हसणाऱ्या माणसाचं पुढे काही विचारावं लागत नाही. संपादिकाबाई त्या हसण्याला रडल्या होत्या. तो आठवडाभर रोज ऑफिसमधून येऊन बसला आणि रोज तांब्यापाशी थांबला.

मग वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांना काय झालंय? धड जेवत नाहीत. शेजारच्या काकूंना जाऊन विचारून आले, मी आईला कधी सहीबद्दल बोललो होतो का म्हणून. मला तर सकाळ-संध्याकाळ विचारतात. मी म्हटलं, नाही हो, कधीच नाही. तर म्हणतात, तुला काय ठाऊक, तू स्वयंपाकघरात असायचीस."

फोन ठेवल्यावर प्रोफेसरने बायकोला सांगितलं. सांगताना वाक्यं तुटक येत होती, त्याच्या माहितीपुस्तिकांसारखीच.

"मी बदलतोय ते प्रकरण," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या खर्ड्यात थोरला तसं विचारणारच नाही."

"आणि दादांना ते कळणार कसं?" बायकोने विचारलं. "पुस्तक छापून आल्यावर, दुकानात बसून वाचून?"

प्रोफेसरने चपला घातल्या.

दादा घरीच होता. दिवसाउजेडी, दुकान सोडून. खिडकीजवळच्या त्या खुर्चीत आज तोच बसला होता. वहिनी शेजारी शर्टाचं बटण शिवत होत्या. प्रोफेसरने त्यांनी आत जाण्याची जरा वाट पाहिली. त्या गेल्या नाहीत.

"दादा, तू विचारलं नव्हतंस," तो उभ्यानेच म्हणाला.

"काय?"

"कागदांचं. सहीचं. तू कधीच विचारलं नव्हतंस. मी मनाने लिहिलं ते."

वहिनींची सुई थांबली. दादा त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा सैल पडला, दवाखान्याच्या पायरीवर पडला होता तसाच. पण या वेळी तो तिथेच थांबला नाही. हळूहळू त्या चेहऱ्यावर दुसरं काहीतरी चढत गेलं. ते प्रोफेसरने दादाच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं आणि त्याचं वर्णनही त्याला सुचलं नाही.

"नक्की?"

"नक्की."

"मग लिहिलंस कशाला?"

प्रोफेसरकडे याची उत्तरं होती. प्रसंगाला धार हवी, नायकासमोर कोणीतरी हवं, असली. तोंडाशी येईपर्यंत एकेक गळून पडलं. "आंघोळ मी घालतोय असं लिहिलं होतं ना," तो म्हणाला. "मग तुला काहीतरी करायला द्यायला हवं होतं."

"भाऊजी!" वहिनी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण त्यात सगळं आलं.

"आठ दिवस," दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आठ दिवस मी आईच्या फोटोकडे बघितलं नाही रे. माझी टिंगल कर. खुशाल कर, मला मजा येते. पण मी माझ्याच आठवणीवर विश्वास ठेवला नाही, का? तर तू शिकलेला."

"मी ते नीट करतो, दादा. खरं होतं तसं लिहितो. तू फक्त सांग मला, आईला पाणी किती..."

"नाही."

"पुस्तकासाठी नाही, मला स्वतःला..."

"नाही म्हटलं ना. आंघोळीच्या वेळी आई मला दार लावून घ्यायला लावायची. वहिनीलासुद्धा आत येऊ द्यायची नाही. ते आता तुझ्यासाठी उघडू? तू नव्हतास तर नव्हतास. नव्हतास असं लिही."

प्रोफेसर उभाच राहिला. बसायला कोणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याने दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "रविवारी येऊ?"

दादाने खिडकीबाहेर नजर लावली. "या रविवारी नको," तो म्हणाला. "पुढच्या ये."

त्या रविवारी प्रोफेसर टेबलाशी बसला. आईच्या आंघोळीचं प्रकरण त्याने सगळं काढून टाकलं. संपादिकाबाईंना फोनवर ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, की तसं असेल तर काढायचं की नाही याचा मला फेरविचार करावा लागेल. पुस्तकाबद्दल म्हणत होत्या त्या. करा, म्हणाला प्रोफेसर.

प्रकरणाच्या जागी त्याने एक ओळ लिहिली आणि बायकोला दाखवली. 'आईचं सगळं थोरल्याने केलं. धाकटा त्या दोन वर्षांत दुसऱ्या गावी होता.'

"एवढंच?" बायकोने विचारलं.

"मला एवढंच माहीत आहे."

तिने पान परत दिलं आणि कपडे वाळत घालायला गेली. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते. लिहायला सगळा दिवस मोकळा होता. असा मोकळा रविवार मिळावा म्हणून प्रोफेसर वर्षानुवर्षं कुरकुरत आला होता.